किल्लीवालीचं निळं दार

चि. छोटू,
अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी परवा रात्री वाचून संपली. सगळी पानं छापून घेतली होती. स्क्रीनवर मी भराभर पुढे सरकते आणि ही गोष्ट तशी वाचायची नव्हती. फोनवर तू तीनदा विचारलंस, ‘ताई, कशी वाटली?’ आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. राग मानू नकोस. ‘छान आहे’ म्हणून मोकळं होण्यासारखं हे लिखाण नाही, म्हणून हे पत्र.

आधी जे मनात घर करून बसलंय ते सांगते. किल्ल्या बनवणारी तुझी नायिका. कुठलीही जुनी किल्ली तिनं मुठीत धरली, की त्या किल्लीनं शेवटचं उघडलेलं दार तिला दिसतं. आणि दर वेळी त्याच्या बदल्यात स्वतःच्या आयुष्यातलं एक दार ती विसरते. हे तुला कुठून सुचलं रे? पाचव्या प्रकरणात ती मैत्रिणीच्या घरासमोर उभी असते आणि पत्ता दुसऱ्याच कुणाला तरी विचारते. तो माणूस नुसतं बोट दाखवतो, ती वळून बघते, आणि तिच्या पाठीमागेच ते घर असतं. ते पान वाचून मी उठले आणि आमचं दार नीट बघून आले. कुठे रंगाचा पोपडा निघालाय, बिजागरी कुठे गंजलीये. इतक्या वर्षांत कधी पाहिलंच नव्हतं.

तू कानशीचा आवाज, बोटाला चिकटलेला पितळेचा कीस, व्हाइसमध्ये धरलेली अर्धवट किल्ली, हे सगळं इतकं जवळून लिहिलंयस की जादू खरी वाटते. आजच्या काळातल्या, मोबाइल-लिफ्ट-सीसीटीव्हीच्या जगातल्या अद्भुत कथेला हाच पाया लागतो. भोवतालचं जग शंभर टक्के ओळखीचं असेल, तरच त्यातली एक अनोळखी गोष्ट पचते. अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय, असं भरतमुनींनी सांगितलंय. आणि नेहमीचं काहीतरी समोर असल्याशिवाय विस्मय वाटणार तरी कशाचा?

आता बाविसावं प्रकरण.

आतून बंद खोलीतून नायकाचा मोठा भाऊ नाहीसा झालाय. एकवीस प्रकरणं मी त्या खोलीभोवती तुझ्यासोबत फिरले. कडी, खिडकी, टेबलावरची किल्ली, सगळं मनात नोंदवून ठेवलं. आणि बाविसाव्यात ती किल्ली एकदम बोलायलाच लागते! खरं काय घडलं ते सांगून टाकते. छोटू, मी पानं खाली ठेवली. किल्ल्या बोलतात हे तू त्याआधी कुठेच सांगितलेलं नव्हतंस. मी इतका वेळ जे शोधत होते, ते शोधून सापडणारं नव्हतंच.

रोनाल्ड नॉक्स नावाचे एक इंग्लिश धर्मगुरू होते, ते रहस्यकथाही लिहीत. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला दुसराच नियम असा, की अलौकिक शक्तींना कथेत थारा नाही. तो नियम तू मोडलास आणि बरं केलंस, तुझी कादंबरी उभीच त्यावर आहे. पण आठवा नियम सांगतो, की गुप्तहेराला जो धागादोरा सापडेल तो वाचकालाही दाखवायचा. तो मात्र मोडू नकोस. माझ्या मते नॉक्स यांचा भुताखेतांवर राग नव्हता. लेखकाला वाटेल तेव्हा भूत येणार असेल, तर वाचकानं डोकं चालवायचं कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं असावं. जादूची हद्द आधीच आखून दिलीस, की जादूच्या गोष्टीतही वाचक तितकाच जिद्दीनं शोध घेतो.

परवा फोनवर तू म्हणालास, की नियम आधीच सांगितले तर लोक ओळखतील. तेव्हापासून माझ्या डोक्यात शकुंतला आहे. महाभारताच्या आदिपर्वात तिच्या गोष्टीत शापही नाही आणि अंगठीही नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं, तरी तो भरसभेत नाही म्हणतो. मग आकाशवाणी होते आणि तो तिला स्वीकारतो. कालिदासानं काय केलं बघ. दुर्वासांचा शाप आणला आणि त्या शापाला अट घातली. ओळखीचा दागिना दिसला, की शाप सुटेल. हे सगळं चौथ्या अंकात, प्रेक्षकांच्या समोर. शकुंतलेला ठाऊक नाही, दुष्यंताला ठाऊक नाही. अनसूया-प्रियंवदेला आणि आपल्याला ठाऊक आहे. पाचव्या अंकात ती दरबारात बोटाकडे बघते आणि अंगठी नसते, तेव्हा जो जीव गलबलतो, तो आपल्याला आधी सगळं माहीत आहे म्हणूनच. किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात संगीत शाकुंतल रंगभूमीवर आणलं, तेव्हा गोष्ट कितीतरी जणांना पाठच असणार. त्यानं रंग कुठे उणा झाला?

तुझी बोलणारी किल्ली ही आकाशवाणी आहे. तुला अंगठी हवी. आणि ती तुझ्याजवळ आहे! तू स्वतः लिहून ठेवलीयेस आणि तुझंच तिच्याकडे लक्ष नाही.

तिसरं प्रकरण काढ. नायक पहिल्यांदा दुकानात येतो, किल्ली पुढे करतो आणि निघताना म्हणतो, ‘निळ्या दारापाशी होता तसाच आहे तुमचा आवाज.’ ती विचारते, ‘कुठलं निळं दार?’ तो हसतो आणि जातो. मला वाटलं, हा ओळख वाढवायला बघतोय. पुढे ते दार परत आलंच नाही. बहुधा तूही विसरलास. पण नवव्या प्रकरणात तू लिहितोस, की दार विसरलं की दारामागची माणसंही विसरली जातात. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघ.

म्हणजे तो आधीही आला होता. हीच किल्ली घेऊन, वर्षभरापूर्वी. तिनं ती मुठीत धरली, त्याच्या भावाचं काय झालं ते पाहिलं, त्याला सांगितलं. आणि बदल्यात जे दार गेलं, ते त्याच्या घराचं निळं दार होतं. त्याच्यासकट गेलं. तो आता दुसऱ्यांदा आलाय तो उत्तरासाठी नाही. उत्तर त्याच्याकडे आहे. तो तिच्यासाठी आलाय, आणि तिला खरं काय ते सांगायचं, तर आधी हे सांगावं लागेल, की तू मला विसरलीस आणि ते माझ्यामुळे. म्हणून तो बाविसाव्या प्रकरणापर्यंत खोटं बोलतो. संशय त्याच्यावर जातो आणि जायलाच हवा. तुझं रहस्य आणि तुझं प्रेम आत्ता दोन वेगळ्या रुळांवर धावतंय. प्रेमाची प्रकरणं आली की तपास थांबतो आणि तपास सुरू झाला की ती दोघं एकमेकांना विसरून जातात. इथे मात्र दोन्हीची एकच गाठ पडते.

त्यासाठी नवव्यातला नियम दुसऱ्या प्रकरणात आण. मोठ्या प्रसंगात नको. एखाद्या साध्या गिऱ्हाइकाची किल्ली बघून ती जुन्या शाळेचा दरवाजा विसरते आणि संध्याकाळी रस्त्यात बाई भेटतात, तर ओळखत नाही, एवढं पुरे. वाचक हळहळेल आणि पुढे जाईल. निळ्या दारापाशी पोचेल तेव्हा नियम त्याच्या खिशात असेल, फक्त तो अजून बाहेर काढलेला नसेल.

शेवटी तिनं तीच किल्ली परत मुठीत धरावी की नाही, हे मी सांगणार नाही. धरली तर आणखी एक दार जाणार आणि कुठलं ते तिच्या हातात नाही. तो प्रसंग तू लिही, मला घाई नाही.

बाकी बारीकसारीक खुणा समासात केल्यात, त्या फोटो काढून पाठवते. सतराव्या प्रकरणातला पाठलाग मला लांबला असं वाटलं. चौदाव्यातल्या पत्राला मात्र हातही लावू नकोस, ते तसंच राहू दे. आईला पहिली पाच प्रकरणं तू स्वतः वाचून दाखव, मोठ्यानं. ती कुठे मध्येच ‘थांब’ म्हणते ते मला कळव.

बाबांना आणि आईला साष्टांग नमस्कार.

आणि दुरुस्त्या करायला बसशील तेव्हा तिसऱ्या प्रकरणातलं ते एक वाक्य चुकूनही खोडू नकोस.

तुझी,
ताई