यंत्रातली नोंद खोटी ठरवायची कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिजिटल व्यवस्थांविषयी जे छापून येते त्यात एकीकडे वेगाचे आणि सोयीचे कौतुक असते, दुसरीकडे माहिती चोरीला जाण्याची किंवा नोकऱ्या जाण्याची धास्ती. दोन्हींत तथ्य आहे आणि दोन्हींवर भरपूर लिहून झाले आहे. मला ज्या मुद्द्याकडे लक्ष वेधायचे आहे तो त्यामानाने रुक्ष आहे, आणि बहुधा म्हणूनच मागे पडतो. संगणकात एखाद्याच्या नावावर चुकीची नोंद पडली, तर ती चुकीची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कोणाची? ज्याची व्यवस्था त्याची, की ज्याच्या नावावर नोंद पडली त्या माणसाची? माझी सारी नोकरी हिशेबतपासणीत गेल्यामुळे मला हाच प्रश्न आधी दिसतो, हे मान्य करूनच पुढे लिहितो.

हाताने रोजकीर्द आणि खतावणी लिहिण्याच्या काळात चुका होत नव्हत्या असे कोणी म्हणू नये. आकडे उलटसुलट पडत, बेरीज पुढच्या पानावर ओढताना चुकत असे, आणि ज्याला अफरातफर करायची तो वहीतही बिनदिक्कत करत असे. मात्र वहीचा एक नियम होता. आकडा बदलायचा तर जुन्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, तो वाचता येईल असा ठेवायचा, वर नवा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. गिरवलेला किंवा खरवडलेला आकडा दिसला की तपासनीस तिथेच थांबत असे. शिवाय तूट निघालीच तर रोखपाल आणि त्याचा वरिष्ठ एकच वही समोर ठेवून बोलत. एकाला दिसते ते दुसऱ्याला दिसत नाही अशी स्थिती नसे. संगणक आल्यावर बेरजा अचूक झाल्या, यात वाद नाही. पण वही आता पडद्यामागे गेली आहे, आणि तिच्यातल्या नोंदी कोण पाहू शकतो व कोण बदलू शकतो हे ज्याचा हिशेब आहे त्याला कळेनासे झाले आहे.

याचा परिणाम कुठवर जाऊ शकतो हे ब्रिटनच्या पोस्ट ऑफिस प्रकरणात जगाने पाहिले आहे. १९९९ पासून तिथल्या टपाल शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबप्रणाली बसवण्यात आली; ती फुजित्सु कंपनीची होती. शाखा चालवणारे सब-पोस्टमास्तर कंत्राटी पद्धतीने काम करत, आणि शाखेत तूट दिसली की ती त्यांनीच भरून द्यायची, असाच कराराचा अर्थ पोस्ट ऑफिस लावत असे. अनेकांनी साठवलेले पैसे घातले, काहींनी कर्जे काढली. ज्यांना ते जमले नाही त्यांच्यावर चोरी, फसवणूक आणि खोटे हिशेब ठेवल्याचे खटले झाले. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक माणसे दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी जीव दिला.

प्रणालीत नेमके काय बिघडत होते याचा एकच नमुना देतो, कारण हिशेबाच्या माणसाला तो विसरता येण्याजोगा नाही. स्कॉटलंडमधल्या डलमेलिंग्टन गावाच्या नावाने हा दोष आता ओळखला जातो. शाखेत ८,००० पौंडांची रोख आली. ती पोचल्याची नोंद करण्यासाठी बटण दाबले, पण पडदा हलला नाही. अशा वेळी कोणीही करील तेच झाले: बटण पुन्हा दाबले गेले. पडदा गोठलेला दिसत असताना आत मात्र प्रत्येक दाबण्यागणिक नवी नोंद होत होती. आठ हजार चार वेळा जमा झाले आणि शाखेच्या नावावर २४,००० पौंडांची तूट उभी राहिली. रोख मोजली तर एक पौंडही कमी नव्हता. हाताने लिहिलेल्या वहीत एकाखाली एक चार सारख्या नोंदी दिसल्या असत्या, तर नवशिक्या कारकुनानेही भुवया उंचावल्या असत्या.

यावर कडी म्हणजे फुजित्सुचे कर्मचारी दूर बसून शाखेच्या हिशेबात फेरफार करू शकत होते, आणि शाखाचालकाला त्याचा पत्ता लागत नसे. असे होऊच शकत नाही, असे पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षे सांगत राहिले. मदतवाहिनीवर विचारणा केली तर ‘ही अडचण फक्त तुमच्याच शाखेत आहे’ असे आपल्याला सांगितले गेल्याचे अनेकांनी पुढे साक्षीत नोंदवले. शेवटी ५५५ जणांनी एकत्र येऊन दावा लावला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते व त्यांमुळे शाखांच्या हिशेबात तफावत येऊ शकत होती असा निर्णय दिला. एप्रिल २०२१ मध्ये अपील न्यायालयाने ३९ जणांची शिक्षा एकाच दिवशी रद्द केली. तरीही एकेका खटल्याने हे आवरेना, तेव्हा मे २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून उरलेले दोषनिर्णय सरसकट रद्द करावे लागले.

या प्रकरणातला एक कायदेशीर धागा चर्चेत फारसा येत नाही, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुराव्यासंबंधीच्या कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकाची नोंद पुरावा म्हणून आणायची, तर त्या काळात संगणक नीट चालत होता हे आणणाऱ्याने दाखवले पाहिजे, अशी त्यात अट होती. ही अट जाचक ठरते म्हणून १९९९ मध्ये दुसऱ्या कायद्याने ते कलम वगळण्यात आले. त्यानंतर न्यायालये असे गृहीत धरू लागली की उलट पुरावा पुढे येईपर्यंत संगणक बरोबरच आहे. म्हणजे होरायझन शाखांत बसू लागले त्याच सुमारास, ते चुकले असे म्हणण्याचा भार ज्याला प्रणालीच्या आत डोकावताही येत नाही अशा माणसावर येऊन पडला. तो उलट पुरावा आणणार कुठून? पुराव्याची सगळी कागदपत्रे, म्हणजे यंत्रातल्या हालचालींच्या नोंदी आणि आधीच्या तक्रारींची यादी, फिर्यादीच्या किंवा त्याच्या कंत्राटदाराच्या कपाटात होती.

सगळा दोष सॉफ्टवेअरचा असतो असेही नाही. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर भत्ते घेणाऱ्यांकडून वसुलीसाठी जी योजना राबवली गेली, आणि जी पुढे ‘रोबोडेट’ या नावाने कुप्रसिद्ध झाली, तिच्यात यंत्राने सांगितलेले काम तंतोतंत केले. चूक होती ती सांगणाऱ्यांची. करखात्याकडचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, त्याचे २६ पंधरवड्यांत सारखे भाग पाडायचे आणि माणसाने त्या त्या पंधरवड्यात सांगितलेल्या उत्पन्नाशी ते ताडून पाहायचे, अशी ती रीत होती. समजा एखाद्याने सहा महिने काम करून २६,००० डॉलर मिळवले आणि उरलेले सहा महिने बेकार असताना हक्काचा भत्ता घेतला. सरासरी काढणाऱ्या यंत्राला तो वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर कमावत असलेला दिसणार, आणि बेकारीच्या महिन्यांतला भत्ता त्याने लबाडीने घेतला असे ठरणार. मग नोटीस जाणार, आणि काही वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या शोधून आणण्याचे काम त्याच्या गळ्यात पडणार. २०१९ च्या नोव्हेंबरात फेडरल न्यायालयात ही पद्धत बेकायदा असल्याचे सरकारला मान्य करावे लागले. पुढच्या वर्षी ७२ कोटी १० लाख डॉलर परत करण्याची घोषणा झाली, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने अतिशय कठोर अहवाल दिला. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या प्रकरणात, अर्जातल्या किरकोळ उणिवांवरून पालकांकडे पूर्ण रकमेची मागणी केली गेली आणि जोखीम ठरवणाऱ्या प्रणालीत राष्ट्रीयत्व हा एक निकष होता, हे उघड झाले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

ही मोठी प्रकरणे झाली. रोजच्या व्यवहारात हीच गोष्ट किती साध्या रूपात येते ते पाहा. अर्जात आडनावाचा रकाना सक्तीचा आहे आणि अर्जदाराचे नाव एकशब्दी आहे. रकाना रिकामा सोडला तर पुढचे पान उघडत नाही. कोणीतरी सुचवते म्हणून तो तिथे एक टिंब देतो. दुसऱ्या खात्याच्या प्रणालीला टिंब चालत नाही, म्हणून तिथे त्याच्या पहिल्याच नावाची दोनदा नोंद होते. वर्षाने या दोन नोंदी यंत्र ताडून पाहते आणि ‘तपशील जुळत नाही’ म्हणून त्याचा अर्ज नाकारते. खिडकीपलीकडच्या माणसाला सगळे समजते, समोरचा माणूस तोच आहे याविषयी त्याला तिळमात्र शंका नसते, पण ‘सिस्टीम घेत नाही’ यापलीकडे तो काही बोलू शकत नाही. तो खोटेही बोलत नसतो. नोंद पाहण्याचा अधिकार त्याला दिलेला असतो, दुरुस्त करण्याचा दिलेला नसतो. तो अधिकार नेमका कोणाकडे आहे हे त्यालाही ठाऊक नसते. आणि पुष्कळ ठिकाणी आता ती खिडकीसुद्धा उरलेली नाही. तिच्या जागी ठरावीक पर्यायांतून फिरवून पुन्हा पहिल्या पर्यायावर आणून सोडणारी फोनसेवा आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातली सुमारे २६० कोटी माणसे इंटरनेट वापरत नाहीत. त्यांनी कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, हा प्रश्न निराळाच.

खिडकी बंद करण्याचा धोका केवळ अशा माणसांपुरता नाही, हे १९ जुलै २०२४ रोजी दिसले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या अद्ययावतीकरणाच्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने, रुग्णालये, बँका सगळीकडे खोळंबा झाला. कंपनीने ती फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण जे संगणक आधीच कोलमडले होते ते सुरूच होत नव्हते. बहुतेक ठिकाणी कोणीतरी प्रत्यक्ष त्या यंत्रासमोर बसून ती फाइल हाताने काढावी लागली. काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले पास मिळाले. ज्यांच्याकडे कागदावर काम करण्याची सवय थोडीफार शिल्लक होती त्यांचे निभावले.

मी डिजिटल व्यवस्थांच्या विरुद्ध नाही. चांगले उदाहरण द्यायचे तर एस्टोनियाचे देता येईल. त्या छोट्या देशातल्या सरकारी खात्यांची माहिती २००१ पासून एका सामाईक जाळ्यातून देवाणघेवाण होते, आणि आपली माहिती कोणत्या खात्याने कधी पाहिली हे नागरिकाला स्वतः तपासता येते. वहीची जी जुनी शिस्त मी वर सांगितली ती इथे यंत्रात उतरलेली आहे. २०१७ मध्ये तिथल्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष सापडला, तेव्हा सरकारने तो दडपला नाही. आठवडाभरात जाहीर केला आणि नोव्हेंबरात ती प्रमाणपत्रे स्थगित करून नवी दिली. दोष त्यांच्याकडेही निघालाच, पण तो असल्याचे सिद्ध करायला कोणा नागरिकाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.

कायद्यानेही काही करता येते. युरोपीय संघाच्या मे २०१८ पासून लागू झालेल्या माहिती-संरक्षण नियमांतील २२ व्या कलमाने, केवळ यंत्राने घेतलेल्या आणि माणसावर गंभीर परिणाम करणाऱ्या निर्णयांपासून संरक्षण दिले आहे. ज्या अपवादांत असा निर्णय चालतो त्यांतल्या बहुतेकांत माणसाकडून फेरविचार मागण्याचा हक्क आहे. यातला ‘केवळ’ हा शब्द पळवाटेचा आहे, कारण यंत्राच्या निर्णयाखाली न वाचता सही करणारा माणूस बसवला की कलमातून सुटका होते असे अनेकांना वाटले. डिसेंबर २०२३ मध्ये युरोपीय न्यायालयाने पतगुणांकाच्या एका प्रकरणात ही वाट बरीचशी बंद केली: कर्ज देणारा जर यंत्राने काढलेल्या गुणांवरच प्रामुख्याने विसंबत असेल, तर ते गुण काढणे हाच निर्णय समजावा, असे न्यायालयाने म्हटले.

माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. जी संस्था यंत्रातल्या नोंदीच्या आधारे एखाद्याकडून पैसे वसूल करू पाहते किंवा त्याला गुन्हेगार ठरवू पाहते, तिने नोंद नाकारली जाताच ती कशी तयार झाली याचा पूर्ण माग स्वतः पुढे ठेवला पाहिजे. कोणी, कधी, कुठून बदल केला आणि त्या प्रणालीविषयी आधी कोणत्या तक्रारी आल्या होत्या, हे सगळे. तोवर वसुली थांबली पाहिजे. आणि नोटिशीवर ‘ही संगणकाने तयार केलेली असल्यामुळे सहीची गरज नाही’ या ओळीऐवजी, नोंद दुरुस्त करण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीचे नाव आणि हुद्दा छापला पाहिजे.

यावर खर्चाचा आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे. माणसे कमी करून जी बचत दाखवली जाते ती, चुकांची किंमत संस्थेच्या हिशेबातून नागरिकाच्या हिशेबात ढकलल्यामुळे दिसते, असे मला तपासनीस म्हणून नमूद करावेसे वाटते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने योजनेतून वाचेल म्हणून जे सांगितले होते त्याऐवजी त्याला घेतलेले परत करावे लागले. सगळीकडे एकदम हे करणे अवघड असेल, तर निदान पैशांची वसुली आणि फौजदारी खटले या दोन ठिकाणांपासून सुरुवात करावी. रांगेचे टोकन आणि प्रवासाचे आरक्षण यांची पाळी नंतर आली तरी चालेल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त हिशेबतपासनीस