बिअर लँडिंगनंतर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत परवा छंदांवर लेख आला त्यात आम्हा फ्लाइट सिम्युलेटरवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांना, 'घरबसल्या पायलट' म्हणून दोन ओळींत उरकलं, त्याचं काही वाटलं नाही, घरात याहून वाईट नावं आहेत. पण नंतर एका वाचकाचं पत्र छापलंत की या छंदाचा मोठा फायदा म्हणजे एका हातात बिअर धरून विमान उडवता येतं. ते वाचून काही राहवलं नाही. मी वीसेक वर्षं सिम उडवतोय आणि बिअर त्याच्याही आधीपासून पितोय, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलायचा थोडा हक्क आहे असं धरून चालतो.

मी नाशिकचा. म्हणजे वाईनच्या गावात राहून बिअरवाला, सासुरवाडीला अजून हसतात. विमानाचं वेड मात्र गावचंच आहे, ओझरला एचएएलचा कारखाना, लहानपणी मिग डोक्यावरून गेलं की आमचे गणिताचे सर खडू हातात घेऊनच खिडकीशी यायचे. पायलट व्हायला पैसे नव्हते आणि चष्मा होता. मग २००६ साली मायक्रोसॉफ्टचा एफएसएक्स हा विमान उडवण्याचा गेम आला, एक जॉयस्टिक घेतली, आणि डायनिंग टेबलाचं एक टोक तेव्हापासून विमानतळ आहे.

माझी पद्धत अशी, की शनिवारी जिथे उतरायचं तिथली बिअर आधीच आणून फ्रीजमध्ये ठेवायची. सगळ्यात आवडता रूट प्राग ते म्युनिक. जेमतेम तासाभराचा, पण बिअरवाल्यासाठी पंढरीची वारीच. प्राग सोडलं की थोड्या वेळात खाली पिल्सेन येतं, जिथे १८४२ साली योसेफ ग्रोल नावाच्या माणसाने ती सोनेरी, आरपार दिसणारी लागर बिअर पहिल्यांदा काढली, आज आपल्या बिअर शॉपीत जी पिवळी बाटली मिळते ती तिचीच लांबची नातवंडं. हा ग्रोल मुळात बव्हेरियाचा, म्हणजे तो जिकडून आला तिकडेच आपण चाललेलो असतो. आणि म्युनिकचा विमानतळ कुठे आहे, तर एका अंगाला फ्रायझिंग, जिथली वाइहेनस्टेफान ब्रुअरी स्वतःचं साल १०४० सांगते, आणि दुसऱ्या अंगाला एर्डिंग, तेच एर्डिंगर बिअरवालं. उत्तरेला हॉलरटाऊ, बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या लागवडीचा जगातला सगळ्यात मोठा सलग पट्टा, सिममध्ये तिथे नुसती हिरवी शेतं दिसतात पण मला माहीत असतं ना. एवढंच काय, खुद्द विमानतळाच्या आवारात ब्रुअरी आहे. असा विमानतळ बांधणाऱ्यांना मी मनातल्या मनात हात जोडतो.

आता त्या वाचकांच्या मुद्द्याकडे येतो. मीही एका शनिवारी हाच विचार केला होता की गेमच तर आहे, कोण मरतंय. टेक-ऑफच्या आधी एक स्ट्राँग आणि पिल्सेनवर असताना दुसरी अर्धी. मी व्हॅटसिमवर उडवतो, सिमवाल्यांचं २००१ पासून चालू असलेलं ऑनलाइन नेटवर्क आहे, तिथे जिवंत माणसं आपला वेळ घालून फुकट कंट्रोलरचं काम करतात आणि तुम्ही हेडफोन लावून त्यांच्याशी खरोखरीच्या पायलटसारखं बोलता. म्युनिकला दोन समांतर रनवे, चार-चार हजार मीटरचे, मधे टर्मिनल. मला मिळाला उजवा, म्हणजे 'सव्वीस राईट'. मी अगदी रुबाबात 'सव्वीस राईट' असं परत म्हणून दाखवलं, आणि आयएलएसला, म्हणजे विमानाला रनवेच्या रेषेत आणणाऱ्या रेडिओ यंत्रणेला, फ्रीक्वेन्सी टाकली लेफ्टची. विमान बिचारं सांगितलं तिकडे निघालं. कंट्रोलरने विचारलं, रनवे कन्फर्म करा, मी अजून रुबाबात पुन्हा राईटच म्हणालो कारण तोंडाला पाठ होतं, डोळे मात्र स्क्रीनवर असून नसल्यासारखे. तेवढ्यात लेफ्टवर उतरायला आलेल्याला गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाऊन फेरी, करायला लावलं. तो गडी सिंगापूरहून बारा तास उडवत आला होता, बारा तास, घरी जेवण गार होत असेल त्याचं. त्याने चॅटवर मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, त्याने फक्त एक प्रश्नचिन्ह टाकलं.

माझी मुलगी मागे सोफ्यावर अभ्यास करत होती, तिने तेवढ्यात मान वर करून विचारलं, "बाबा, तुम्ही सॉरी कुणाला म्हणताय?"

खऱ्या पायलटला आपल्याकडे उड्डाणाआधी बारा तास दारू चालत नाही आणि श्वासाच्या टेस्टमध्ये आकडा शून्यच यावा लागतो, पहिल्यांदा सापडला तर लायसन तीन महिने जातं, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा कायमचं. अमेरिकेत आठ तासांचा नियम आहे. मला पूर्वी वाटायचं की आपले लोक जरा अतीच करतात, दीड बाटलीने असं काय होतं. काय होतं ते त्या दिवशी दिसलं. हात थरथरले नाहीत, जीभ अडखळली नाही, उलट मी नेहमीपेक्षा जास्त छान बोलत होतो, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

तेव्हापासून पार्किंग ब्रेक लागल्याशिवाय ओपनर हातात घ्यायचा नाही. आणि खरं सांगू का, मजा पण तेव्हाच येते. इंजिनं बंद, कॉकपिटमधले दिवे एकेक करून घालवायचे, मग ग्लास पाण्याने विसळून, तिरका धरून गव्हाची बिअर हळूहळू ओतायची, शेवटचं दोन बोटं बाटलीत ठेवून बाटली गोल फिरवायची म्हणजे तळाचं यीस्ट सुटतं, आणि ते वर सोडायचं. केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, दोन्ही त्या यीस्टचीच करामत. बायको म्हणते शिकरणात कुणी लवंग टाकलीय. बाटली महाग पडते, म्हणून महिन्यातून एकदाच म्युनिक.

आणि बिअर विमानात शोभतेच, फक्त पायलटच्या पोटात नाही. १९४४ साली नॉर्मंडीत उतरलेल्या सैनिकांना इंग्लंडहून स्पिटफायर विमानांनी बिअर पोचवली होती, पंखांखाली बॉम्बच्या जागी पिंपं लटकवून. काहींनी पेट्रोलच्या जादा टाक्या धुऊन त्यात भरून नेली, तिला वास यायचा म्हणे. हजार फूट वर गेलं की तापमान साधारण दोन डिग्रीने उतरतं, म्हणजे दहा हजारावरून नेली की फ्रीजची गरजच नाही. मी सिममध्ये हा फेरा करून पाहिलाय, पिंपं दिसत नाहीत पण मी लँडिंग अगदी अलगद केलं, फेस व्हायला नको.

तर त्या वाचकांना एवढंच कळवा, की एकटे ऑफलाइन उडवत असाल तर तुमचं घर, तुमची बाटली, मी कोण बोलणार. नेटवर्कवर येणार असाल तर बाटली फ्रीजमध्ये राहू द्या.

येत्या शनिवारी आमच्याकडे ड्राय डे आहे, म्हणून कुवेतला जातोय.

आपला,
एक घरबसल्या पायलट, नाशिक