मागची खोली रिकामी केली

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, आधी सांगून टाकते. मागची खोली रिकामी केली. वॉशरच्या सगळ्या गोण्या भंगारात दिल्या. दादाला मीच सांगितलं होतं, बाबांच्या कानावर घालू नकोस. तुम्ही तडक उठून निघाला असतात, आणि टाके अजून ओले आहेत.

'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला माल होता, ठाऊक आहे मला. पण प्रेसवरची पत्रा कापायची डाय बदलायला अडीच तास जायचे, म्हणून एकदा बसवली की आपण महिनाभराचं काढून ठेवायचो आणि त्यातलं निम्मं गंजायचं. टोयोटाच्या ताइची ओनोंनी नासाडीचे 7 प्रकार सांगितले, त्यात गरजेपेक्षा जास्त बनवणं सगळ्यात वाईट. बाकीच्या चुका त्या ढिगाखाली झाकल्या जातात. आता प्रेस चालू असतानाच पुढची डाय, बोल्ट, पाने शेजारी मांडून ठेवतो. 40 मिनिटांत काम होतं.

तुमच्या हिशेबाला नावं ठेवत नाहीये हं. तेव्हा पत्रा वेळेवर यायचा नाही; साठा होता म्हणून तर तगलो.

आणि दुसरी गोष्ट तर तुमचीच. लहानपणी फरशीवर बटणं मांडायला लावायचात, आठवतं? समोरासमोर मांडली की मध्ये फटी, ओळ अर्धं बटण सरकवली की चार जास्त मावायची. मग मला खांद्यावर घ्यायचात. वॉशरच्या गोल चकत्यांचं तेच. सरळ ओळींत फार तर 78 टक्के पत्रा कामी येतो, सरकवलेल्या ओळींत 90 पर्यंत; कडा सोडल्या की थोडा कमी. तशी नवी डाय केली. हो, न विचारता. पण बघा ना, शंभराच्या विक्रीत आपल्याला 5 उरतात. 5 चा पत्रा वाचला की आणखी शंभर विकल्यासारखंच, तेही नवं गिऱ्हाईक न शोधता.

कामावरून कुणालाही काढलेलं नाही. तुमची खुर्ची जागच्या जागी आहे. मागच्या खोलीची खिडकी आता उघडते, तिथे पलंग टाकलाय. पुढे याल तेव्हा दुपारी पाठ टेकायची, वाद नको.

आई, त्यांना पाण्याची बादलीसुद्धा उचलू देऊ नकोस. आणि तू गुडघ्याचा पट्टा रोज बांध, डॉक्टरकडे जायच्या दिवशीच नाही.

बाबा, रागवायचं असेल तर रविवारी फोनवर रागवा. सकाळची गोळी घेतल्यावर.

तुमची,
चिमी