कावळा आपल्या मर्जीनं येतो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत गव्यावरून चांगलीच जुंपली. एका गृहस्थांनी लिहिलं, की गवा शिवारात आला म्हणजे ग्रामदेवीचा कौल समजावा आणि हळदीकुंकू वाहावं. त्यावर दुसऱ्यांनी फटकारलं, की ते चारापाण्याला मुकलेलं जनावर आहे, त्यात देव शोधणं ही निव्वळ अंधश्रद्धा. मी एसटीत वाहक आहे. राधानगरी-दाजीपूर रस्त्यावर माझी ड्यूटी असते, त्यामुळे या दोघांपेक्षा गवे मी जास्त पाहिले असावेत. तेवढ्या भांडवलावर हे पत्र.

चारापाण्याचं म्हणणं खोटं नाही. दाजीपूरचं अभयारण्य 1958 सालचं, राज्यातलं पहिलं, आणि ते ओळखलंच जातं गव्यांमुळे. उन्हाळ्यात वरचं पाणी आटलं की कळप खाली उतरतात आणि खाली ऊस उभाच असतो. लपायलाही ऊस, खायलाही ऊस. माहेरी माझ्या भावाचं रान आहे. कोवळा फड एका रात्रीत आडवा झालेला बघून तो जे बोलला, ते आपल्याला छापता येणार नाही. त्याला कौल-बिऊल सांगायला कुणी गेलं नाही, हे त्या माणसाचं नशीब.

पण म्हणून त्यात दुसरं काहीच नसतं, हेही मला पटत नाही.

पाऊस नुकता उघडला होता. सकाळची पहिली गाडी. फेजिवड्याच्या पुढं दाट धुकं, आणि वळणावर मामांनी करकचून ब्रेक मारला. रस्त्यात गव्याची मादी आडवी उभी. गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यागत पाय, वर काळपट तपकिरी अंग, त्यावरनं वाफ निघत होती. तिनं नाकपुड्या फुगवून एकदा जोरात फुस्स केलं. मामांनी हेडलाइट घालवले, इंजिन बंद केलं, हॉर्नला हात लावला नाही. मागच्या बाकावरचा कॉलेजचा पोरगा खिडकी सरकवून मोबाईल बाहेर काढतोय, तोवर शेजारी दह्याचं लोटकं मांडीवर घेऊन बसलेली म्हातारी खेकसली, "पोटुशी हाय ती. पोटुशीचा फोटू काय काढालाईस? हात आत घे!" पोरानं हात आत घेतला. माझं तिकिटाचं मशीन नेमकं तेव्हाच चीं चीं करायला लागलं, ते मी पोटाशी दाबून धरलं. ती कारवीत शिरेपर्यंत गाडीत कुणी ब्र काढला नाही. एरवी दोन मिनिटं उशीर झाला तर हीच मंडळी मला सुनावतात.

देव दिसला असं मी म्हणणार नाही. मला आठवला तो सासऱ्यांचा दहावा. पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. समोर फांदीवर बसून मान वाकडी करून बघत होता. थोरल्या दिरांनी शब्द दिला, सगळ्यांचं नीट करतो म्हणून. तरी नाही. शेवटी जाऊबाई हळूच म्हणाल्या, "चहा ठेवा की, चहाशिवाय मामंजी कधी जेवलेत?" बशीत चहा ठेवला. घरातली तालेवार माणसं भर उन्हात हात जोडून उभी, एका पाखराची मर्जी सांभाळत. याच पाखराला आम्ही वाळवणावरून दगड मारून हाकलतो. अखेर आला. चहाला शिवला की भाताला, यावर घरात अजून दोन तट आहेत.

फारच खोळंबा झाला तर दर्भाचा कावळा करून शिवायची सोय शास्त्रात आहे. पण खरा कावळा धरून आणावा आणि त्याची चोच पिंडाला टेकवावी, असं कुणाच्याही डोक्यात येत नाही. कारण मग त्यात काही उरतच नाही. तो आपल्या मर्जीनं येतो, नाहीतर येत नाही. आपलं काम फक्त थांबायचं. लहानपणी मुंगूस दिसलं की "रामाची शपथ, तोंड दाखव" म्हणून आम्ही पोरं ओरडायचो, पण शपथेवरच थांबायचो. त्याच्या मागं कुणी धावत नव्हतं.

गव्याच्या बाबतीत हे शहाणपण कुठं जातं? डिसेंबर 2020 मध्ये पुण्यात कोथरूडला गवा शिरला. माणसांच्या गर्दीत तो सैरावैरा धावला, पकडला गेला आणि मेला. पुढच्याच डिसेंबरात आपल्या कोल्हापूर शहराजवळ गवे आले, बघ्यांची जत्रा भरली आणि भुयेवाडीत एका तरुणाचा जीव गेला. कौल मानणारा हळदीकुंकू घेऊन जवळ जातो, अंधश्रद्धा म्हणणारा मोबाईल घेऊन. गव्याच्या लेखी दोघंही सारखेच. पन्हाळ्यावर तर माकडाला वेफर्सचं पाकीट देऊन वर "मारुतीराया" म्हणत हात जोडणारे आहेत. मारुतीरायाला मसाला वेफर्स!

आता आपल्याकडे एक मागणं. गवा आला की दुसऱ्या दिवशी "गव्याचा धुमाकूळ" असा मथळा येतो आणि खाली कुठल्या गावात, कुठल्या ओढ्याकडेच्या उसात, असा पूर्ण पत्ता. दहा वाजेपर्यंत तिथं मोटारसायकली लागलेल्या असतात. रस्ता कुठला बंद आहे ते जरूर छापा, वैरणीला एकट्यानं जाऊ नका हेही छापा. उसाचा पत्ता मात्र गवा परत गेल्यावर द्या. आणि ज्याचं पीक गेलं त्याच्या पंचनाम्याचं, भरपाईचं पुढं काय झालं, तेही महिन्याभरानं त्याच पानावर येऊ द्या. कौल म्हणा नाहीतर जनावर म्हणा, ऊस तर गेलेलाच असतो, आणि भाऊ माझा अजून कागद घेऊन हेलपाटे घालतोय.

आपली,
एक एसटी वाहक, कोल्हापूर