आमच्या हिरवळीची मुळे राखणाऱ्या माळीकाकांस

नागपूर

आदरणीय माळीकाका,

सप्रेम नमस्कार.

घरापुढच्या हिरवळीसाठी तुम्ही जे केले, त्याची फेड महिनाअखेरीस हातावर ठेवलेल्या पैशांनी होत नाही, ही जाणीव बरेच दिवस मनात होती. हे पत्र खुले ठेवण्याचे कारण एवढेच की विदर्भाच्या उन्हात अंगणभर गवत राखू पाहणाऱ्या इतरांनाही तुमची रीत कळावी.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा हिरवळ पिवळट झाली होती आणि कोणते खत घालावे, असे आम्ही तुम्हाला विचारले होते. उत्तर देण्याआधी तुम्ही उकिडवे बसून गवताचे एक पाते खुडलेत आणि माझ्या तळहातावर ठेवलेत. त्याचे टोक कापलेले नव्हते, फाटलेले होते. तंतू सुटून वाळले होते आणि दुरून दिसणारा पांढरट-पिवळा रंग बराचसा त्या वाळलेल्या टोकांचाच होता. गवत कापण्याच्या यंत्राचे पाते बोथट झाले होते. त्याला धार लावून झाल्यावर तुम्ही गवताचे दुसरे पाते दाखवलेत. त्याच्या शिरा हिरव्या होत्या, मधला भाग फिकट होता, आणि ही लक्षणे कोवळ्या पानांवरच अधिक दिसत होती. चुनखडी असलेल्या आपल्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, हे तुम्ही त्या दिवशी समजावून सांगितलेत आणि फेरस सल्फेटचे पातळ द्रावण फवारलेत. फरशीवर त्याचे तांबडे डाग पडतात म्हणून कडेने गोणपाटही अंथरलेत. युरियाने चार दिवस रंग येतो पण मुळांना बळ येत नाही, म्हणून युरिया अगदी बेताने आणि तोही पावसाळ्यात जमिनीत ओल असतानाच द्यायचा, हा तुमचा आग्रह आम्ही आजही पाळतो.

पाण्याविषयी तुम्ही जे शिकवलेत त्याचे ऋण सर्वांत मोठे आहे. रोज संध्याकाळी पाइप धरून पाने भिजवण्याची पद्धत आमच्या वस्तीत सर्रास आहे. त्याने वरची दोन-तीन बोटे माती ओली होते, मुळे तिथेच घुटमळतात आणि पाने रात्रभर ओली राहिल्याने बुरशीला आयते निमंत्रण मिळते. तुम्ही पाणी पहाटे द्यायला लावलेत, दिवसाआड किंवा त्याहूनही विरळ, पण एकदा दिले की खोलवर मुरेपर्यंत. ते किती मुरले हे पाहण्यासाठी लोखंडी सळई जमिनीत खुपसायची आणि ती वीतभर विनासायास गेली की नळ बंद करायचा. आठवड्याला 25 मिलिमीटर पाणी म्हणजे आमच्या 40 चौरस मीटरच्या तुकड्याला 1,000 लिटर, हा हिशेबही तुम्हीच मांडून दाखवलात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या शहरात हा आकडा माहीत असणे मला फार महत्त्वाचे वाटते. पाण्याची वेळ झाली हे कॅलेंडरने नव्हे, गवतानेच सांगावे, असे तुमचे म्हणणे. चालून गेल्यावर पावलांचे ठसे तसेच राहिले, पाती पुन्हा उभी राहिली नाहीत आणि हिरव्या रंगावर निळसर-राखी झाक आली, की मगच पाणी द्यायचे.

कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी गवतावर ओतण्यास तुम्ही मनाई केलीत, तीही नागपूरकरांनी आवर्जून ऐकावी. दिवसभर पाणी उडून जाते, क्षार मात्र टाकीतच साचतात आणि आधीच क्षारांकडे झुकलेल्या जमिनीवर त्यांची भर पडत राहते.

नवतप्यात, म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरच्या अतिउष्ण नऊ दिवसांत, पारा 45 अंशांच्या पुढे गेला आणि जमिनीतली ओल तुटली की आमच्या हिरवळीतली हरळी वाढ थांबवून तपकिरी होते. त्या दिवसांत भरमसाट पाणी आणि खत देऊन तिला हिरवी ठेवण्याचा अट्टहास तुम्ही कधी केला नाहीत. जमिनीखालच्या कांड्या जिवंत राहतील एवढी ओल राखायची, यंत्राचे पाते वर करून गवत थोडे उंच ठेवायचे आणि कोणत्याही कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक काढायचे नाही, हा तुमचा संयम मला त्या गवताविषयीच्या आदरातून आलेला वाटतो.

पावसाळ्यातल्या तुमच्या मेहनतीविषयीही लिहायला हवे. काळी माती फुगून चिबडते आणि मुळांना हवा मिळत नाही, म्हणून वाफसा आल्यावर, म्हणजे माती कामाजोगी सुकल्यावर, तुम्ही काटे खुपसून साऱ्या हिरवळीला भोके पाडता आणि त्यांत रेती व चाळलेले शेणखत भरता. लव्हाळा हे तण वरून उपटले तर खालच्या गाठी शाबूत राहून दुपटीने उगवतात, म्हणून ओल्या मातीत खुरप्याने माग काढत तुम्ही एकेक गाठ बाहेर काढता. हे काम अतिशय कंटाळवाणे आहे, पण ते अर्धवट टाकून उठलेले मी तुम्हाला पाहिलेले नाही. एका कोपऱ्यातले गवत हाताने धरताच चटईसारखे उचलले गेले, तेव्हा खाली इंग्रजी सी अक्षराच्या आकारात वळलेल्या, मुळे खाणाऱ्या हुमणीच्या अळ्या तुम्ही दाखवल्यात. पुढच्या वर्षी पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर जमलेले हुमणीचे भुंगेरे फांद्या हलवून खाली पाडायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे, हे आमच्या मुलांनाही शिकवलेत. त्याच कडुनिंबाच्या दाट सावलीत हरळी तग धरणार नाही, असे स्पष्ट सांगून तिथे गवताचा खर्च तुम्ही करू दिला नाहीत. स्वतःचे काम कमी करणारा असा सल्ला देणारी माणसे थोडी असतात.

आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यापासून ती सकाळी याच हिरवळीवर चालते. जमीन सपाट आणि मऊ असल्याने तिला पडण्याची भीती उरलेली नाही. तिने तुम्हाला मनापासून धन्यवाद कळवायला सांगितले आहे आणि माझेही त्यात मिळवावेत.

धुतलेली रेती आणि शेणखत मागवून ठेवले आहे. मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला की तुम्ही म्हणाल त्या दिवशी काम काढू.

आपला कृतज्ञ,
कडुनिंबाच्या घरातला