गच्चीवरचे ऊन आणि उजनीचे पाणी

कराड,
१४ डिसेंबर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या सोलापूरला होटगीजवळ एवढे मोठे कोळशाचे वीज केंद्र उभे असताना आपल्या गच्चीवर सौर पॅनेल कशासाठी बसवायचे, असे तुम्ही रविवारी फोनवर विचारलेत. त्या घाईत मला नीट उत्तर देता आले नाही आणि ती रुखरुख आठवडाभर राहिली, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

ते केंद्र ६६० मेगावॅटच्या दोन संचांचे, म्हणजे १३२० मेगावॅटचे आहे. कोळशाला रात्र आडवी येत नाही आणि ढगही आडवे येत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे. तुमच्या यंत्रमागाच्या रात्रपाळ्या इतकी वर्षे चालल्या त्या मुख्यतः कोळशाच्या विजेवर, हे मी विसरलेले नाही. परंतु एका युनिटसाठी अर्ध्या किलोहून अधिक कोळसा जाळावा लागतो, तो दूरच्या खाणींतून रेल्वेने आणावा लागतो, आणि आपल्या देशातील कोळशात ३० ते ४० टक्के राख असल्यामुळे जळून गेल्यावरही त्याचे ओझे मागे उरतेच. मला त्याहून अधिक बोचते ते पाणी. टर्बाइनमधून आलेली वाफ पुन्हा थंड करण्यासाठी लागणारे पाणी तिथे उजनी धरणातून जलवाहिनीने येते. काही दिवसांआड येणाऱ्या नळाला जागून आई ज्या घरात पिंप, कळशा आणि बादल्या भरून ठेवते, त्या घराने विजेचा हिशेब पाणी सोडून करू नये, असे मला मनापासून वाटते.

तुम्ही म्हणाल, मग धरणाची वीज घ्यावी. मी राहते तिथे प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते, त्यामुळे हा विचार रोजच मनात येतो. कोयना प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट आहे, त्यात धूर नाही, राख नाही, आणि संध्याकाळी सगळ्या घरांतले दिवे एकदम लागतात तेव्हा पाणी सोडून काही मिनिटांत वीज वाढवता येते, जे कोळशाला जमत नाही. मात्र त्यासाठी कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले जाते आणि ते शेवटी अरबी समुद्राला मिळते. ते पाणी या संगमापर्यंत कधी पोचत नाही, मग पुढच्या कोरड्या मुलखापर्यंत कुठून पोचणार? शिवाय धरणाखाली गेलेली गावे वेगळीच. उजनीचे पाणी उन्हाळ्यात ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते. ते पाहताना आई गप्प झाली होती, ते मला अजून आठवते.

आपल्या जिल्ह्यातले साखर कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करतात. वाया जाणाऱ्या वस्तूचा तो चांगला उपयोग आहे, पण गळीत हंगाम संपला की तो ओघ आटतो आणि ऊस स्वतःच किती पाणी पितो ते तुम्हाला मी सांगायला नको. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. त्या पावसाळ्यात, म्हणजे नेमके ऊन नसते तेव्हा, सर्वांत जोरात फिरतात. तारापूरची अणुवीज १९६९ पासून चालू आहे आणि थोड्या इंधनात पुष्कळ वीज देते, परंतु वापरलेले इंधन हजारो वर्षे सांभाळावे लागते, याचा मला धसका वाटतो.

सौर पॅनेलला पाणी लागते ते धूळ पुसण्यापुरते, आणि ऊन तर सोलापूरला मागावे लागत नाही. तरीही त्याचे दोष तुमच्यापासून लपवणार नाही. रात्री ते काहीच देत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पॅनेल ६०-६५ अंशांपर्यंत तापते, आणि २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला त्याचे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते. म्हणून ते स्लॅबला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असे उंच बसवून घ्यावे. बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेली साधी यंत्रणाही बंद पडते, कारण तिची वीज बाहेर जाऊन तारांवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये. त्यामुळे जिन्याखालचा जुना इन्व्हर्टर आणि बॅटरी मुळीच काढू नका.

आपल्या घराला २ किलोवॅट पुरेसे आहे. एका किलोवॅटला दिवसाला सुमारे ४ युनिट धरले, तर महिन्याला २४० युनिट होतात. दिवसा उरलेली वीज महावितरणच्या जाळ्यात जाते आणि रात्री वापरलेल्या विजेतून वजा होते. पंतप्रधान सूर्यघर योजनेत २ किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे. आई, जागा साधारण २०० चौरस फूट लागेल. तुझ्या कुरडया आणि पापड वाळवण्याची पूर्वेची बाजू पूर्ण मोकळी राहील, असेच मी आखले आहे.

बाबा, एक काम मात्र तुमच्याकडूनच हवे आहे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी एकूण वीज बरीच घटते, आणि डिसेंबरात सूर्य खाली असल्यामुळे सावल्या वर्षातल्या सर्वांत लांब असतात. तेव्हा सकाळी ९, दुपारी १२ आणि ४ वाजता पाण्याच्या टाकीची व शेजारच्या कडुलिंबाची सावली जिथपर्यंत येते, तिथे गच्चीवर खडूने रेघ ओढून ठेवा. जिना सावकाश चढा. मी गड्ड्याच्या यात्रेला येईन तेव्हा आपण दोघे मिळून टेपने मापे घेऊ.

तुमची लेक