डोंबिवलीच्या हॉलसाठी अ‍ॅम्प्लिफायर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

केईएफ कंपनीचे एलएस ५० स्पीकर अखेर घरी आले, हे वाचून फार आनंद झाला. सेकंडहँड असले तरी फोटोत कोन (स्पीकरचे थरथरणारे पडदे) शाबूत दिसतायत, आणि मधोमध बसवलेला ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, कुणी बोटाने दाबलेला नाही, ही मोठी गोष्ट. स्पीकरसाठी इतकी वर्षं थांबलास, तर आता अ‍ॅम्प्लिफायर घाईत घेऊ नकोस. फोनवर सगळं सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुझ्या ऑफिसातल्या मुलाने सुचवलेला तळहाताएवढा ‘३०० वॅट अधिक ३०० वॅट’वाला अ‍ॅम्पचा डबा वाईट नाही, पण त्यावर छापलेल्या आकड्यावर जाऊ नकोस. आपल्या कॉलेजच्या दिवसांत टू-इन-वनवर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या मापाचे, हजार-हजार वॅट छापलेले असायचे, आठवतं? हा त्याच जातीतला आकडा. अशा बऱ्याच डब्यांत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप असते. चिप उत्तम आहे. पण सोबतचा अडॅप्टर उलटा करून त्यामागचं बारीक अक्षर वाच. ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असं असेल तर गुणाकार १६० वॅट. दोन्ही चॅनल मिळून त्यातून सलग ६०० वॅट कुठून निघणार? ३२ व्होल्टवर ही चिप ८ ओहमला चॅनलमागे साधारण ५५ वॅट स्वच्छ देते, मग आवाज फाटायला लागतो. म्हणजे तो प्रामाणिक ५५ वॅटचा अ‍ॅम्प आहे, आणि तुला तेवढेच हवेत.

कसे, ते बघ. एलएस ५०ची सेन्सिटिव्हिटी ८५ डेसिबल आहे. २.८३ व्होल्ट, म्हणजे ८ ओहमला एक वॅट दिला की एक मीटरवर ८५ डेसिबल. तू सोफ्यावर बसणार दोनेक मीटरवर. अंतर दुप्पट झालं म्हणून सहा डेसिबल गेले, स्पीकर दोन आहेत म्हणून तीन परत आले, भिंतींनी आणखी थोडं दिलं. तुझ्या कानाशी एका वॅटला ८२-८३ डेसिबल धर. संध्याकाळी घरात माणसं असताना आपण ऐकतो ते ७२च्या आसपास. त्याला वॅटचा दहावा हिस्सा पुरतो! पण तबल्याची थाप सरासरीपेक्षा सहज २० डेसिबल वर उसळते आणि तेवढ्या क्षणापुरते शंभरपट वॅट मागते, म्हणजे दहा वॅट. रविवारी वहिनी माहेरी गेल्यावर तू आवाज सात डेसिबलने वाढवलास की पाचपट, म्हणजे पन्नास. दहा बाय चौदाच्या हॉलमध्ये याच्या पलीकडे तू जाणार नाहीस, आणि शेजारचे जाऊही देणार नाहीत.

मग या स्पीकरना ‘जड’, म्हणजे चालवायला अवघड, का म्हणतात? कारण वॅट नव्हे, करंट. माहितीपत्रकात इम्पिडन्स, म्हणजे स्पीकर करंटला करतो तो विरोध, ८ ओहम लिहिलाय आणि शेजारीच कंसात किमान ३.२. सगळे ८ वाचतात आणि पुढे जातात. ८ ओहमला पन्नास वॅट म्हणजे २० व्होल्ट, अडीच अँपिअर. तोच सूर ३.२ ओहमच्या खड्ड्यात पडला की त्याच २० व्होल्टना सव्वासहा अँपिअर लागतात. इथे कमजोर पॉवर सप्लायचा दम निघतो. आवाज बंद पडत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. नुसता ठोक्यातला जीव जातो. डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेली घुमक वर चढताना गोल राहत नाही, चपटी होते, आणि आपण दोष देतो रेकॉर्डिंगला. तुझा जुना होम थिएटर रिसीव्हर असाच वाजतोय असं तुझ्या पत्रातल्या वर्णनावरून मला पक्कं वाटतं. पाच-सात चॅनलसाठी एकच ट्रान्सफॉर्मर वाटून घेणारे ते यंत्र, त्याच्याकडून ही अपेक्षाच नको.

म्हणून दुकानदाराला एवढंच विचार: ४ ओहमला किती वॅट, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना, आणि किती डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज किती टक्के बिघडलेला असताना? उत्तर ‘१० टक्के’ असलं तर तो आकडा सोडून दे. दहा टक्क्यांना कानाला स्पष्ट फाटलेलं ऐकू येतं. एक टक्का किंवा त्याहून कमी असेल तरच पुढे बोल. आणि ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, तर तो अ‍ॅम्प तुझ्यासाठी नाही.

क्लास डीबद्दल, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून चालणाऱ्या अ‍ॅम्पबद्दल (वरच्या डब्यातली चिपही त्यातलीच), तुझ्या मनात अढी आहे, ती आता काढ. पूर्वीच्या काही क्लास डी यंत्रांचा आवाज खरंच कोरडा होता, आणि त्याचं एक कारण समजण्यासारखं आहे. या अ‍ॅम्पच्या शेवटी कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर असतो. फीडबॅक, म्हणजे चूक सुधारायला बाहेरचा सूर परत आत घेणं. तो त्या फिल्टरच्या अलीकडून घेतला तर वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे बदलतो: एका स्पीकरवर टोचरा, दुसऱ्यावर मंद. तुझ्या स्पीकरसारखा वरखाली होणारा इम्पिडन्स असेल तर हे जास्त जाणवतं. ब्रुनो पुट्झेस या अभियंत्याने फिलिप्समध्ये असताना यूसीडी नावाची रचना केली, तिच्यात फीडबॅक फिल्टरच्या पलीकडून, थेट स्पीकरच्या टोकांवरून घेतला. मग समोर कुठलाही स्पीकर लावा, वरचे सूर जागचे हलत नाहीत. आजचे चांगले क्लास डी याच विचारावर उभे आहेत. शिवाय वीज वाया जात नाही, मे महिन्यात शोकेसच्या कप्प्यात ठेवला तरी तापून कप्पा भट्टी होत नाही.

माझं मत विचारशील तर एनएडी कंपनीचा डी ३०४५ हा अ‍ॅम्प शोध. नवा मिळाला नाही तर चांगल्या हातातला जुना चालेल. यूसीडी जातीचा आहे, ८ आणि ४ दोन्ही ओहमला ६० वॅट सलग देतो, आणि आडवा किंवा पुस्तकासारखा उभा, कसाही ठेवता येतो. टीव्ही एचडीएमआयने जोडला की टीव्हीचा आवाजही यातूनच येईल, म्हणजे वहिनींना मालिका बघताना दोन-दोन रिमोट हातात घ्यावे लागणार नाहीत. माझ्या अनुभवात घरात अशा गोष्टी टिकतात त्या या सोयीमुळे.

आणि त्यात ‘बेस ईक्यू’, म्हणजे खालचा आवाज उचलायची सोय, आहे. तुझ्यासारख्या रात्री ऐकणाऱ्यासाठी ते मला वॅटपेक्षा महत्त्वाचं वाटतं. आवाज लहान केला की आपल्या कानाला खर्ज आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच हे मोजून दाखवलंय. बाळ झोपल्यावर तू तानपुरा लावशील तेव्हा खर्जाची तार गेल्यासारखी वाटेल. ती गेलेली नसते, कानाची रीतच तशी आहे. तेवढ्यापुरता खालचा आवाज उचलणं म्हणजे भेसळ नव्हे. शुद्धतावादी लोक नाक मुरडतील, मुरडू देत. यामाहाच्या ए-एस ३०१ला तर याच कामासाठी फिरवायचा स्वतंत्र नॉब आहे, फार सुरेख चालतो तो. पण त्याची रुंदी ४३५ मिलिमीटर, तुझ्या कप्प्यात मावणार नाही.

रेगा कंपनीचा ब्रिओ हा अ‍ॅम्पही ऐकून बघ. ८ ओहमला ५० वॅट, जुन्या पद्धतीचा क्लास एबी, गाणाऱ्याचा गळा त्यातून विलक्षण जवळचा वाटतो. पण तो तापतो, त्याला वर मोकळी जागा लागते, आणि तुझ्याकडे ती टीव्हीच्या खाली नाही. पसंत पडलाच तर शोकेसचा मागचा प्लाय कापून घे, नुसता दरवाजा उघडा ठेवून भागत नाही.

ऐकायला जाशील तेव्हा स्पीकर स्वतःचे घेऊन जा. जड आहेत, रिक्षा कर, पण दुकानातल्या दुसऱ्याच स्पीकरवर ऐकून निर्णय घेऊ नकोस. झाकिरभाईंचा एकल तबला लाव. आधी अगदी हळू ऐक, चाटीवरची बोटं वेगवेगळी कळतात का बघ. मग आवाज वाढव आणि तिहाईवर लक्ष ठेव: शेवटचा धा पहिल्या धाइतकाच भरीव आला पाहिजे. मध्येच दुकानदार बोलायला लागला तर त्याला हात दाखवून थांबव, संकोच करू नकोस.

वायरवर पैसे उधळू नकोस. इलेक्ट्रिकच्या दुकानातली अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, प्रत्येक स्पीकरला तीन मीटर. तिचा येता-जाता रोध ०.०५ ओहमही भरत नाही. स्पीकर भिंतीपासून निदान फूटभर पुढे घे. मागच्या तोंडातून हवा बाहेर येते, भिंतीला चिकटवलेस तर खर्ज गढूळ होईल. जागाच नसेल तर त्या तोंडात फोमचे बोळे घाल, खोक्यात मिळाले असतील.

सबवूफरचा, म्हणजे फक्त खर्जासाठीच्या वेगळ्या स्पीकरचा, विषय सहा महिने तरी काढू नकोस. या स्पीकरचा आवाज ७९ हर्ट्झच्या खाली क्षीण होत जातो हे खरं, पण लहान खोली खालचा आवाज स्वतःच भरून काढते. आधी खोली काय देते ते कळू दे.

शनिवारी मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जायचं ठरवलंस तर आदल्या दिवशी फोन कर. दुकानात ४ ओहमचं काय उत्तर मिळालं तेही कळव, आणि गोंधळ झाला तर तिथूनच फोन लाव, मी दुकानदाराशी बोलतो. काकूंना नमस्कार, वहिनींना आठवण सांग, बाळाला आशीर्वाद.

तुझा,
पुण्याचा दोस्त